संकेतस्थळाची रंगीत तालीम

तापीकाठच्या केळीपट्ट्यातील चोपडा तालुक्याच्या शेतकऱ्याला सातबारा उतारा पाहण्यासाठी आता तलाठी कार्यालयातच गेले पाहिजे असे नाही. महाभूलेखचे संकेतस्थळ उघडावे, नाशिक विभाग, जळगाव जिल्हा, चोपडा तालुका, गाव अशी निवड करावी आणि गट क्रमांक टाकावा, की उतारा समोर येतो. पण अशा कोणत्याही सेवेत या साखळीची एक कडी निखळली, तरी पीककर्जासाठी निघालेल्या माणसाचा दिवस वाया जातो.

कडी निखळते ती बहुधा दुरुस्ती करतानाच. प्रोग्रामर तालुक्यांच्या यादीत बदल करतो आणि गावांची यादी रिकामी होते. प्रत्येक बदलानंतर सगळी पाने माणसाने तपासायची म्हटले तर वेळ पुरत नाही आणि डोळाही चुकतो. म्हणून हे काम यंत्रावर सोपवले जाते. एक छोटा प्रोग्राम खराखुरा ब्राउझर उघडतो, माणसाप्रमाणे अक्षरे टंकतो, बटणे दाबतो आणि अपेक्षित उत्तर पडद्यावर आले का, हे पाहतो.

या तंत्राला खरी चालना मिळाली ती २००४ मध्ये. शिकागोत थॉटवर्क्स कंपनीत काम करणाऱ्या जेसन हगिन्स यांनी ‘सेलेनियम’ हे साधन तयार केले. त्या वेळी मर्क्युरी या कंपनीची महागडी साधने प्रचलित होती. पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियमचा उतारा, असा या नावामागचा विनोद. ब्राउझरला आज्ञा देण्याची त्यातून पुढे आलेली ‘वेबड्रायव्हर’ पद्धत २०१८ मध्ये जागतिक मानक ठरली. मुंबईत २०११ मध्ये रितेश अरोरा व नकुल अग्रवाल या आयआयटीच्या माजी विद्यार्थ्यांनी ‘ब्राउझरस्टॅक’ सुरू केली. निरनिराळे ब्राउझर व मोबाइल संच चाचणीसाठी इंटरनेटवरून उपलब्ध करून देणे, हा तिचा व्यवसाय.

अशी चाचणी उभारताना प्रथम ज्याच्यावाचून वापरणाऱ्याचे अडते असे मोजके मार्ग निवडावेत. चाचणीसाठी स्वतंत्र डेटाबेस ठेवावा आणि प्रत्येक चाचणी ठरावीक माहितीपासून सुरू करावी; आधीच्या चाचणीचा उरलेला कचरा पुढचीचा निकाल बिघडवतो. कॅप्चा व ओटीपी यंत्राला अडवत असल्याने चाचणीच्या प्रतीत त्यांना पर्याय द्यावा लागतो. बटण पानावर कितव्या जागी आहे यापेक्षा त्यावरील नावाने शोधावे, म्हणजे मांडणी बदलली तरी चाचणी टिकते. ‘पाच सेकंद थांब’ असे सांगण्याऐवजी ‘गावांची यादी येईपर्यंत, पण ठरावीक मर्यादेतच थांब’ असे सांगावे. हा सारा संच प्रत्येक बदलानंतर आपोआप चालावा आणि चाचणी फसल्यास त्या क्षणीच्या पडद्याचे चित्र जतन व्हावे.

मराठी संकेतस्थळांना आणखी एक काळजी घ्यावी लागते. ‘शेतकऱ्यांचे’ या शब्दातील ‘ऱ’ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. डोळ्यांना अक्षर एकच दिसते, पण दोन्ही रूपे एकसारखी करून न घेतल्यास शोध फसतो. गट क्रमांक कोणी देवनागरी अंकांत लिहितो, तर कोणी इंग्रजी. या प्रत्येक शक्यतेसाठी चाचणी हवी.

संपूर्ण प्रवासाच्या चाचणीकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते, हे अमेरिकेने अनुभवले. १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झालेल्या तेथील सरकारी आरोग्यविमा संकेतस्थळावर पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली.

मात्र या चाचण्या संथ असतात आणि त्यांची निगाही राखावी लागते. म्हणून हिशेबाचे बारीक नियम लहान, वेगवान चाचण्यांकडे सोपवून ब्राउझरसाठी मोजक्याच ठेवाव्यात. पानावरील सूचना वृद्ध शेतकऱ्याला उमगते का, हे यंत्र सांगू शकत नाही. ते पाहायला माणूसच लागतो.