दगड फोडण्याआधी कड घासा

अश्मयुगीन पद्धतीने दगडाची पाती आणि बाणांची टोके घडवण्याचा छंद युरोप-अमेरिकेत चांगलाच रुजला आहे. आपल्याकडेही योग्य दगडांची वानवा नाही. दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेले अकीक, जॅस्पर, कॅल्सेडनी इथल्या नद्यांच्या गोट्यांत मिळतात. नवशिका मात्र हातात दगडी हातोडा आला की जोरच लावतो, आणि तिथेच फसतो. या दगडांना लाकडासारखे तंतू नसतात. घावाचा जोर आघातबिंदूपासून शंकूच्या आकारात पसरतो. त्यामुळे छिलका कुठे आणि किती लांब निघेल, हे मनगटाच्या ताकदीपेक्षा कडेचा कोन आणि पृष्ठभागावरचा उंचवटा ठरवतात. कोन 90 अंशांहून कमी हवा. कड फार पातळ असेल तर घाव बसताच तिचा भुगा होतो, म्हणून ती आधी खरबरीत दगडाने घासून बोथट करावी लागते. इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन कारागिरांनी हे पुरते ओळखले होते: गाभ्यावर दोन्ही बाजूंनी आळीपाळीने बारीक छिलके काढून ते आधी सरळ कणा तयार करत, मग त्याच्या आधाराने पहिले लांब पाते काढत. खरे कौशल्य त्या तयारीत होते.

ही तयारी हाताला बसावी म्हणून सुरुवात जाड काचेच्या बाटलीच्या बुडापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. काच म्हणजे खरा दगड नव्हे, हा आक्षेप टिकत नाही. ती त्याच नियमाने फुटते, आणि कॅलिफोर्नियाच्या ‘याही’ नावाच्या जमातीतल्या इशीने बाटलीच्या काचेचीच देखणी बाणाग्रे घडवली होती. तळहातावर जाड चामडे घ्या, लाकडी मुठीत बसवलेली तांब्याची तार घासलेल्या कडेवर टेकवा, आधी आत दाबा आणि मग किंचित खाली. छिलका खालच्या बाजूने सुटतो.

प्रतिकृतींमुळे पुरातत्त्वाचा पुरावा गढूळ होईल, ही भीती मात्र रास्त आहे. तिच्यावर उपाय आहे: प्रत्येक वस्तूवर तारीख कोरा, कचरा शेतात किंवा नदीत टाकू नका. नेवासे किंवा पाटणे यांसारख्या प्राचीन स्थळांवरचा एकही दगड उचलू नका. धोका तब्येतीलाही आहे: दगड फोडताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसे कायमची निकामी करते. इंग्लंडमधल्या ब्रँडनचे चकमक घडवणारे कारागीर तिनेच दगावत. तेव्हा चष्मा आणि धूळरोधक मास्क लावा, आणि काम उघड्यावरच करा, घरात कधीही नको.