तिजोरीच्या किल्ल्या कुणाकडे?

कुरकुंभच्या आसपासच्या शाखांत माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्यांचे पगार, दौंड भागातले ऊस बागायतदार, पीककर्जं, बचत गट असा सगळा कारभार. अलीकडे लोक कौतुकानं म्हणायचे, "मॅडम, बँकेत आता बायकांचंच राज्य आलंय." काउंटरकडे बघून तसं वाटतंही. पण स्टेट बँकेचंच घ्या. तिथे एकूण कर्मचाऱ्यांत बायका साधारण २७ टक्के आहेत. काउंटरवर त्या जास्त, म्हणून डोळ्यांत भरतात.

आत शिरताना अडत नाही. परीक्षा संगणकावर होते, क्लार्कसाठी मुलाखतही उरलेली नाही. अडतं ते प्रमोशनला, कारण प्रमोशनच्या पाठोपाठ बदली येते आणि बदलीबरोबर तिजोरीची किल्ली.

ही किल्लीची भानगड बाहेरच्यांना ठाऊक नसते. तिजोरी एकट्यानं उघडत नाही. दोघांकडे वेगवेगळ्या किल्ल्या असतात, आणि दोघं हजर असल्याशिवाय ती सकाळी उघडत नाही की संध्याकाळी बंद होत नाही. कॅश जुळली नाही, की दोघंही अडकले. मूल तापानं फणफणलेलं असो, किल्लीवाल्या बाईला उठता येत नाही. दौंड स्टेशन कुरकुंभहून दहाएक किलोमीटर. पुण्याची गाडी चुकली, की घरी पोचायला रात्र. मार्चमध्ये तर वसुलीसाठी वाड्यावस्त्यांवर जायचं, तेही शेतकरी घरी सापडतो तेव्हा, म्हणजे दिवेलागणीला.

माझ्या सासूबाई पोराला सांभाळायला तयार झाल्या, म्हणून मी ऑफिसर झाले. माझ्याहून हुशार असलेल्या एका मैत्रिणीनं 'प्रमोशन नको' असं लिहून दिलं आणि ती क्लार्क म्हणूनच निवृत्त झाली. साहेब म्हणाले, "बायकांना जबाबदारी नकोच असते." घरी तिनं आजारी सासरे आणि दोन मुलं सांभाळली होती, जबाबदारीचं आम्हाला कुणी शिकवू नये.

कायदे झाले, नाही असं नाही. २०१७ पासून बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे झाली. पाळणाघराची सक्ती मात्र पन्नास कर्मचारी असतील तिथेच. आमच्या शाखेत सगळे मिळून सात. २०१४ साली केंद्र सरकारनं सरकारी बँकांना सांगितलं, की बायकांची बदली शक्यतो नवऱ्याच्या किंवा आईवडिलांच्या गावाजवळ करा. यातला 'शक्यतो' बराच लवचीक निघाला.

वरचंही बघा. अरुंधती भट्टाचार्य २०१३ साली स्टेट बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. त्यांच्यानंतर ती खुर्ची पुरुषांकडेच राहिली. २०१३ सालीच सुरू झालेली भारतीय महिला बँक २०१७ मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली. वेगळी पाटी लावून हा प्रश्न सुटणारा नव्हता, असं माझं मत. उलट साताऱ्याच्या माण तालुक्यात चेतना सिन्हांनी १९९७ साली म्हसवडला उभी केलेली माणदेशी महिला बँक टिकली. बायका निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेनं आधी परवाना नाकारला होता. त्या लिहा-वाचायला शिकून पुन्हा अर्ज घेऊन गेल्या.

माझं मागणं साधं आहे. ग्रामीण शाखेत किल्ली घेऊ शकेल असा आणखी एक तयार माणूस द्या आणि शाखाप्रमुख बाईला राहायला गावातच घर द्या. आणि वाचकहो, तुमच्या लेकीसुनेला प्रमोशनचं पत्र आलं, तर "एवढ्या लांब कशाला जातेस?" हे तेवढं विचारू नका.