श्रेयांक कोणत्या खाती जमा होतात?

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजात पहिली दोन वर्षे शिकून विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्याचा मार्ग तेथील कमी शुल्कामुळे परदेशी विद्यार्थ्यांना जवळचा वाटतो. परंतु या मार्गाचे यश किती श्रेयांक मिळवले यापेक्षा ते पदवीच्या कोणत्या खाती जमा होतात, यावर अधिक अवलंबून असते. श्रेयांक म्हणजे अभ्यासक्रमाचे वजन मोजण्याचे माप असून, कॅलिफोर्नियात त्यास युनिट म्हणतात आणि सत्रभर आठवड्याला साधारण एक तास चालणाऱ्या व्याख्यानास एक युनिट, असा त्याचा स्थूल हिशेब असतो. महाराष्ट्रात तंत्रनिकेतनातील पदविका उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळतो, तेव्हा त्याची पदविका अखंड धरली जाते; अमेरिकेत मात्र प्रत्येक विषय सुटा तपासला जातो, आणि हा भेद लक्षात न आल्यामुळे पुढील घोळ होतात.

या व्यवस्थेचे सर्वांत बांधेसूद रूप कॅलिफोर्नियात दिसते, कारण 1960 च्या उच्च शिक्षण आराखड्याने तेथे कम्युनिटी कॉलेजे, राज्य विद्यापीठे आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया अशी त्रिस्तरीय रचना पक्की केली. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात तिसऱ्या वर्षाला येण्यासाठी हस्तांतरणयोग्य 60 सेमिस्टर युनिट, म्हणजेच 90 क्वार्टर युनिट, लागतात. मात्र एखादा विषय हस्तांतरणयोग्य असला, तरी तो निवडलेल्या मुख्य विषयाची अट पूर्ण करतोच असे नाही. तो केवळ ऐच्छिक श्रेयांक म्हणून पदरात पडू शकतो. संगणकशास्त्र किंवा अभियांत्रिकीत कलनशास्त्र आणि भौतिकशास्त्राच्या एकापुढे एक येणाऱ्या विषयांची साखळी मध्येच तुटली, तर 60 युनिट हाती असूनही प्रवेश हुकू शकतो किंवा पदवी लांबते, आणि शैक्षणिक कर्ज काढलेल्या कुटुंबासाठी एक जादा सत्र ही लहान गोष्ट नव्हे. म्हणूनच कोणत्या कॉलेजातील कोणता विषय कोणत्या विद्यापीठातील कोणत्या विषयाच्या तोडीचा मानला जातो, हे दाखवणारे ‘असिस्ट’ हे राज्याचे संकेतस्थळ पहिल्या सत्राचे विषय निवडण्यापूर्वीच पाहणे अगत्याचे ठरते.

प्रवेशहमी हा शब्दही नीट समजून घ्यावा लागतो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा परिसरांपैकी एकासाठी कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्याला सप्टेंबरमध्ये हमीचा अर्ज करता येतो, आणि परदेशी विद्यार्थीही अटी पूर्ण करून तो करू शकतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो मात्र अशी हमी देत नाहीत. शिवाय युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात हस्तांतरणासाठी राज्यातील रहिवाशाला चारपैकी किमान 2.4 गुणसरासरी पुरते, तर बाहेरच्याला 2.8 लागते, आणि या किमान सरासरीने केवळ पात्रता सिद्ध होते. पुढील दोन वर्षांचे शुल्कही अनिवासी दराने भरावे लागत असल्याने, पहिल्या दोन वर्षांतील बचतीवरून संपूर्ण पदवीच्या खर्चाचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते.

श्रेयांकांचे हस्तांतरण आणि व्हिसाच्या नोंदीचे हस्तांतरण या दोन स्वतंत्र प्रक्रिया आहेत. एफ-1 व्हिसावरील विद्यार्थ्याची नोंद ‘सेव्हिस’ या सरकारी संगणकप्रणालीत असते; विद्यापीठाने प्रवेश दिला म्हणून ती आपोआप सरकत नाही, तर कॉलेजातील नियुक्त अधिकारी ठरलेल्या तारखेला ती नव्या संस्थेकडे सोपवतो, त्यानंतर नवी संस्था आपला आय-20 हा दाखला देते आणि साधारणपणे पाच महिन्यांच्या आत पुढील वर्ग सुरू व्हावे लागतात. तोपर्यंत प्रत्येक नियमित सत्रात पूर्णवेळ शिक्षण, म्हणजे सामान्यतः किमान 12 युनिट, चालू ठेवणे बंधनकारक असून त्यात पूर्णपणे ऑनलाइन असलेला एकच विषय धरला जातो. त्यामुळे जड वाटणारा विषय मध्येच सोडून देण्याचा निर्णय गुणपत्रिकेपुरता राहत नाही. युनिट 12 च्या खाली गेली, तर व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो, म्हणून विषय सोडण्याआधी त्या अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते.