प्लॅन गंडलाय? आधी दार मोजा!

कॉलेजच्या ग्रुपवर हा मेसेज तुम्ही वाचला असेलच, नसेल तर टाकला तरी असेल: 'अर्जंट! ऑटोकॅडची फाइल उघडत नाहीये, कुणाला जमतं का?' खाली चार रडके इमोजी, दोन 'सेम हिअर' आणि एक शहाणा, 'बॅकअप घ्यायचा ना मग'.

मी मासकॉमची. माझा आणि ऑटोकॅडचा संबंध यायचं काही कारण नव्हतं. पण मे महिन्यात धडगावला आजोळी गेले आणि मामाच्या घराचा प्लॅन माझ्या डोळ्यांदेखत उडाला. मामाचा मुलगा सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरकुल मंजूर झालेलं, पावसाआधी पाया भरायचा, सोमवारी गवंडी येणार. शनिवारी रात्री लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी नावालाच होती. लाइट आली तेव्हा फाइल उघडेना. पुढच्या दीड दिवसात आम्ही दोघं जे शिकलो, ते तुम्हाला सांगतेय. तुम्ही आर्किटेक्चरचे असा, सिव्हिलचे असा, नाहीतर 'कॉम्प्युटर येतो ना, मग काढ नकाशा' असं म्हणून घरच्यांनी बसवलेले असा.

फाइल उडाली की पहिलं काम म्हणजे काहीही न करणं. ऑटोकॅड दर सेव्हला आधीची आवृत्ती त्याच फोल्डरमध्ये 'बीएके' एक्स्टेन्शननं ठेवतं. तिची कॉपी करा, कॉपीचं एक्स्टेन्शन 'डीडब्ल्यूजी' करा आणि उघडा. एक्स्टेन्शन दिसतच नसेल तर विंडोजनं ते लपवलंय, फोल्डरच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन टिक करा. दुसरी जागा ऑटोसेव्हची. त्या फाइलच्या शेवटी एसव्ही आणि डॉलरचं चिन्ह असतं. ती कुठे पडलीय हे 'सेव्हफाइलपाथ' टाइप केलं की कळतं. ऑटोकॅड नीट बंद झालं की ही फाइल पुसली जाते, क्रॅश झालं तरच उरते. म्हणून ती आधी पेनड्राइव्हवर काढा आणि मगच बाकीचे प्रयोग करा. फाइल उघडतेय पण लंगडतेय, असं असेल तर 'रिकव्हर', मग 'ऑडिट', मग 'पर्ज'. शेवटच्या कमांडनं आमची फाइल चक्क निम्मी झाली, कारण भावानं नेटवरून सोफासेटचे ब्लॉक आणून ठेवले होते. मामाच्या घरात सोफा येणार नाहीये. आणि हो, 'सेव्हटाइम' मुळात १० मिनिटांवर असतो. आमच्याकडे लाइटचा भरवसा तेवढाही नाही, आम्ही तो ५ वर आणला.

फाइल परत आली, पण माप चुकीचं आलं. इथे टायटलमधलं दार कामाला येतं. कुठलाही प्लॅन हातात पडला की 'डिस्ट' कमांडनं एक दार मोजा. तीन फुटी दार ३६ दाखवत असेल तर ड्रॉइंग इंचात आहे, ९१४ दाखवत असेल तर मिलिमीटरमध्ये, ०.९१ आलं तर मीटरमध्ये. ३ आलं तर कुणीतरी फुटाचा आकडा जसाच्या तसा टाकलाय आणि सॉफ्टवेअर त्याला काय समजतंय ते देव जाणे.

ही गोष्ट किरकोळ वाटते, पण आमच्या भागातलंच उदाहरण घ्या. सरदार सरोवरात ज्यांची घरं गेली, त्यांना नर्मदा जलविवाद लवादाच्या १९७९ च्या निवाड्यानुसार घरासाठी ६० बाय ९० फुटांचा प्लॉट मिळायचा. मीटरमध्ये तो १८.२९ बाय २७.४३. आता मीटरच्या टेम्प्लेटमध्ये नुसतं ६० आणि ९० टाकून बघा: ५४०० चौरस मीटर, म्हणजे सव्वा एकराहून मोठा प्लॉट. एवढं उदार सरकार कोणी पाहिलंय? उपाय सोपा आहे. सगळं सिलेक्ट करून 'स्केल' द्या आणि गुणक ०.३०४८ टाका. मिलिमीटरचं ड्रॉइंग इंचात आणायचं असेल तर २५.४ ने भागा.

पण सगळ्यात महागात पडणारी चूक एररच देत नाही. मामाला थ्रीडी दाखवायचं म्हणून भावानं 'स्वीट होम थ्रीडी' वापरलं होतं. फुकट आहे, नेट नसलं तरी चालतं, जुन्या लॅपटॉपवर ओढतं. घरकुल योजनेत घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, स्वयंपाकाच्या जागेसह. भावानं ५ बाय ५ मीटरचा चौकोन काढला आणि खूश झाला. पण या सॉफ्टवेअरमध्ये भिंतीची जाडी मुळात साडेसात सेंटिमीटर असते आणि माप भिंतीच्या मध्यरेषेवरून धरलं जातं. आपली नऊ इंची विटेची भिंत २३ सेंटिमीटरची. साडेसातच्या भिंतीनं आतली जागा २४.२५ चौरस मीटर भरते, २३ च्या भिंतीनं २२.७५. दीड चौरस मीटर गायब! मामीची चूल आणि पाण्याचे हंडे ज्या कोपऱ्यात काढले होते, तेवढाच तो तुकडा. स्क्रीनवर सगळं मस्त दिसत होतं. त्यामुळे पहिली रेघ मारायच्या आधी प्रेफरन्सेसमध्ये जाऊन भिंतीची जाडी बदला.

छताचंही तसंच. मामाला कौलं हवीत. बाहेरच्या सॉफ्टवेअरमध्ये छताचा उतार बऱ्याचदा बारावर मोजतात: ६:१२ म्हणजे १२ इंच आडवं गेल्यावर ६ इंच चढ, साधारण साडेसव्वीस अंश. तुम्ही अंशाच्या रकान्यात ६ टाकलंत तर छप्पर जवळजवळ सपाट होतं आणि तुम्ही तासभर भिंती तपासत बसता. भिंतीही तपासाच म्हणा. कोपऱ्यात केसाएवढी फट असली तरी हॅच भरत नाही आणि खोली ओळखली जात नाही.

मग आजी आली. स्क्रीन बघून म्हणाली, "बैल कुठे बांधणार?" आमच्याकडच्या जुन्या घरात गुरं, शेळ्या त्याच छपराखाली असतात. कॅटलॉगमध्ये पियानो मिळतो, बैल नाही. भावानं डबल बेड उचलला, लांबी-रुंदी बदलली आणि नाव दिलं 'बैलजोडी'. हसू नका, चालतं. जागा अडवणारी वस्तू हवी, बाकी चित्र काहीही असो.

जमिनीचं मात्र असं भागत नाही. धडगाव सातपुड्यात आहे, पाड्यावरची घरं उतारावर, आणि सॉफ्टवेअर म्हणतं जमीन सपाट. रविवारी सकाळी आम्ही गवंड्यांची पाण्याची नळी मागून आणली. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर राहतं, त्यावरून उंचीतला फरक मोजायचा. पाच मीटरवर ६० सेंटिमीटर निघाले. म्हणजे जोत्याखाली साडेसात घनमीटर भराव, अडीच ब्रासहून जास्त. थ्रीडीत त्याचा मागमूस नव्हता. डेस्कटॉपच्या 'स्केचअप'मध्ये सँडबॉक्स टूलनं उतार करता येतो, पण वेळ नसेल तर ऑटोकॅडमध्ये एक उभा छेद काढा. आम्ही तोच काढला, आणि मामानं तिथेच दगडाचा हिशोब बदलला.

मराठीचा एक त्रास राहिलाच. 'स्वयंपाकघर' लिहिलं की प्रश्नचिन्हं उमटतात? जुन्या 'एसएचएक्स' फॉन्टमध्ये देवनागरी नसते. 'स्टाइल'मध्ये जाऊन 'मंगल' किंवा 'निर्मला' निवडा.

प्रिंट काढताना झेरॉक्सवाल्या दादांच्या खांद्याशी उभे राहा. 'फिट टू पेज'वर टिक असेल तर १:१०० चं प्रमाण गेलं म्हणून समजा. पहिल्या प्रिंटला आमचंही गेलं. दुसऱ्या वेळी भावानं कोपऱ्यात पाच मीटरची मोजपट्टी काढली, कागदावर ती बरोबर पाच सेंटिमीटर यायला हवी.

सोमवारी गवंडी काकांनी कागद घेतला, चष्मा लावला आणि काही न बोलता खिशातला टेप आधी त्या पट्टीवर ठेवला. पाच. मग चुन्याची फक्की मागवली.