दूरचा डोंगर निळा का?

चित्रकलेच्या तासाला एखादा विद्यार्थी डोंगर निळा रंगवतो आणि आपण सहज बोलून जातो, "अरे, डोंगर कधी निळा असतो का?" त्याने मात्र बहुधा जे दिसले तेच रंगवलेले असते.

जवळच्या टेकडीवरची झाडी हिरवी दिसते. तशीच झाडी दहा-पंधरा किलोमीटरवरून निळसर आणि फिकट दिसते. कारण मध्ये हवेचा जाड थर असतो. हवेतील रेणू सूर्यप्रकाश सर्व दिशांना विखुरतात. यालाच प्रकाशाचे विकिरण म्हणतात. जॉन स्ट्रट (पुढे लॉर्ड रॅले) यांनी १८७१ मध्ये दाखवले की, हे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाच्या चौपटीहून अधिक विखुरतो. तो डोंगराकडून येणाऱ्या प्रकाशात मिसळतो. लिओनार्दो दा विंचीने हा परिणाम त्याआधी सुमारे पावणेचारशे वर्षे टिपून ठेवला होता. 'मोनालिसा'च्या मागचे निळसर डोंगर आठवून पाहा.

सूर्यास्ताला किरण हवेतून लांबचे अंतर कापतात. निळा प्रकाश वाटेतच विखुरला जातो आणि उरलेला तांबूस प्रकाश हिमशिखरावर पडतो. सावलीतल्या बर्फाला मात्र आकाशाचाच निळा उजेड मिळतो. त्यामुळे एकच शिखर गुलाबीही दिसते आणि निळेही.

१९२८ पासून कुलू खोऱ्यातील नग्गर येथे राहिलेले रशियन चित्रकार निकोलस रोरिक (१८७४-१९४७) यांनी टेंपेरा रंगांत हिमालय पुन्हापुन्हा रंगवला. त्यांच्या अनेक चित्रांत निळ्या-जांभळ्या डोंगररांगा एकीमागे एक सपाट पट्ट्यांसारख्या उभ्या राहतात आणि पाहणाऱ्याला दूरपणा व शांतता जाणवते. रंग कोठून आला हे विज्ञान सांगते. तो किती गडद करायचा, कशाशेजारी ठेवायचा, हे चित्रकार ठरवतो. चित्राचा भाव या निवडीतून उमटतो.

वर्गात करून पाहा: काळ्या कागदाची नळी करून तिच्यातून आधी जवळचे झाड आणि मग दूरचा डोंगर पाहा. (सूर्याकडे नळी मुळीच धरू नये.) दिसलेला रंग कागदावर जुळवा. पाऊस पडून गेल्यावर आणि उन्हाळ्यातल्या दुपारी हेच पुन्हा करा. धुळीचे मोठे कण सर्व रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून उन्हाळ्यात डोंगर पांढुरका दिसेल.

एवढे केल्यावर निळ्या डोंगरावर लाल रेघ मारायला आपला हात धजणार नाही.