भोंगा वाजल्यानंतरचा दीड तास

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. 15 ऑगस्ट 2022 पासून तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला आणि घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद होऊ लागले. साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यासाला बसायचं. करोनाकाळात ऑनलाइन शाळेसाठी हाती आलेला मोबाइल शाळा उघडल्यावरही सुटेना, म्हणून गावाने हे ठरवलं. बातम्यांत कौतुक झालं ते मुलांच्या मोबाइलमुक्तीचं. मला मात्र त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते की, मोठ्यांनी हा नियम स्वतःलाही लावून घेतला.

मोह आवरणं, हातातलं काम तडीस नेणं ही मेंदूच्या पुढच्या भागाची कामं. तो भाग पुरता पक्व व्हायला पंचविशी उजाडते. दहा वर्षांच्या पोराला ‘तुझं तुला कळत नाही का?’ असं दटावणं म्हणूनच अन्यायाचं आहे. त्याला ठरलेली वेळ लागते, ठरलेली जागा लागते आणि तोच नियम पाळणारी माणसं आजूबाजूला लागतात. अल्बर्ट बांडुरा यांच्या 1961 सालच्या प्रयोगात लहान मुलांनी एका मोठ्या माणसाला बाहुली बडवताना नुसतं पाहिलं. पुढे संधी मिळताच त्यांतल्या अनेकांनी तसंच केलं. शिकवलं कुणीच नव्हतं. बाप रील बघत बसलेला असताना पोरगं पाढे म्हणेल, ही अपेक्षाच चुकीची.

पण दीड तास मोकळा झाला, पुढे काय? याचं उत्तर शेजारच्या साताऱ्यात सापडतं. तिथल्या कुमठे बीटच्या, म्हणजे शाळांच्या एका गटातल्या, जिल्हा परिषद शाळांनी विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने ज्ञानरचनावादाची, म्हणजे मुलाने स्वतः करून पाहत ज्ञान घडवण्याची, वाट धरली. वर्गाच्या फरशीवर अंक आणि अक्षरं रंगवली गेली, शिक्षक मुलांबरोबर खाली बसले. राज्यभरातले शिक्षक हे वर्ग पाहायला येऊ लागले.

यामागचा विचार घरीच पडताळता येतो. चार वर्षांच्या मुलासमोर पाच-पाच चिंचोक्यांच्या दोन सारख्या ओळी मांडा. मग त्याच्या देखत एका ओळीतले चिंचोके लांब लांब सरकवा आणि विचारा, जास्त कुठे आहेत? ते बहुधा लांब ओळीवर बोट ठेवेल. सात वर्षांचं मूल म्हणेल, ‘सारखेच की!’ धाकट्याला अक्कल कमी आहे असं नाही. डोळ्यांना दिसतं त्यापलीकडची संख्या मनात धरून ठेवणं त्याला अजून साधलेलं नसतं. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी अशाच साध्या खेळांतून दाखवून दिलं की, मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नव्हे. त्याची विचार करण्याची रीतच निराळी असते आणि ती वस्तू हाताळत, चुकत, पुन्हा करून पाहत बदलते. बत्तीस हा आकडा शंभरदा गिरवून जे उमगत नाही, ते दहा-दहा काड्यांचे तीन गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या हाताने मांडल्यावर उमगतं.

पियाजेंच्याच वर्षी, 1896 मध्ये, जन्मलेल्या रशियाच्या लेव्ह वायगॉट्स्की यांनी यात माणूस आणला. मुलाला एकट्याने जे जमतं आणि कुणाच्या मदतीने जे जमतं, त्यांच्या मधल्या पट्ट्यात खरं शिकणं घडतं, असं ते म्हणत. मदत म्हणजे उत्तर सांगून टाकणं नव्हे. ‘हा गठ्ठा सोडलास तर किती काड्या होतील?’ एवढं विचारून थांबणंही मदतच. त्यासाठी बी.एड. लागत नाही. शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा हे करू शकते.

अंगणवाडीच्या वयाच्या पोरांना मात्र या दीड तासात वही-पेन्सिलीला जुंपू नये. त्यांचा अभ्यास म्हणजे गप्पा, गोष्टी, गाणी, भांड्याकुंड्यांचा खेळ. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी तासाभराहून जास्त स्क्रीन नको आणि त्याहून लहानांना तर ती जवळपास नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगितलं आहे.

तुमच्या गावात भोंगा नसेल तर घरात वेळ ठरवा. मोबाइल बाजूला ठेवून मुलाच्या शेजारी, जमिनीवर बसा. शेंगा फोडायच्या असतील तर तिथेच फोडा. त्याने काही विचारलं, तर आधी त्यालाच विचारा, ‘तुला काय वाटतं?’ आणि त्याचं उत्तर पुरतं ऐकून घ्या.