बेलारूसचं ताट: बटाट्याच्या आधी आणि नंतर

द्रानिकी

बेलारूसच्या जेवणाचा विषय निघाला की पहिलं नाव द्रानिकीचं. कच्चा बटाटा बारीक किसायचा, त्यात कांदा-मीठ घालायचं आणि चमचाचमचाभर मिश्रण गरम चरबीत किंवा तेलात खरपूस तळायचं. किसलेला बटाटा लगेच काळा पडतो, म्हणून तवा आधीच तापलेला हवा. वर आंबट घट्ट साय. दिसायला आपल्या उपवासाच्या बटाट्याच्या थालीपिठासारखंच.

पण बटाटा इथे रुजला तो अठराव्या-एकोणिसाव्या शतकात. रेताड जमीन आणि गार, ओलसर हवा त्याला मानवली. शेजाऱ्यांनी या लोकांना ‘बुल्बाश’, म्हणजे बटाटेवाले, म्हणून चिडवलं. आज त्याच नावाची व्होडका तिथे मिरवत विकली जाते!

त्याआधीचं घर

जुना आधार होता राय या धान्याच्या काळसर, आंबूस पावाचा. कणीक ‘ज्याझा’ या लाकडी भांड्यात आंबवत आणि थोडी तळाशी राखत. तेच पुढच्या खेपेचं विरजण. लग्नात याच भांड्यावर मेंढीच्या कातड्याचा कोट अंथरून नवरीला बसवत आणि तिची वेणी सोडत. माझ्या मते बेलारूसची ओळख द्रानिकीपेक्षा या भांड्यात अधिक सापडते.

नाताळच्या सणात जवाच्या कण्यांची ‘कुत्स्या’ शिजते. घरधनी थंडीलाच जेवायला हाक मारतो: आत्ता ये, पोटभर खा, उन्हाळ्यात मात्र पिकाच्या वाटेला जाऊ नकोस.

जंगलातलं खाणं

अळंबी आणि रानफळं गोळा करणं हा इथला घरोघरीचा उद्योग. 1986 च्या चेर्नोबिल स्फोटाची किरणोत्सारी धूळ मोठ्या प्रमाणात बेलारूसवर पडली. सीझियम जंगलाच्या मातीत टिकून राहतं आणि अळंबी ते शोषून घेते. त्यामुळे बाधित भागात टोपली घरी आली तरी तपासणीशिवाय ती खाणं धोक्याचंच.

हे जेवण नेमकं कुणाचं?

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हा प्रदेश पोलंडशी जोडलेल्या लिथुआनियाच्या ग्रँड डचीचा भाग होता. म्हणून बिटाचं गार गुलाबी सूप बेलारूस, लिथुआनिया आणि पोलंड तिघेही आपलंच म्हणतात. सोव्हिएत काळात खानावळींच्या ठरीव पाककृतींनी बरेच बारकावे पुसले. आता काही स्वयंपाकी एकोणिसाव्या शतकातली, पोलिशमध्ये छापलेली पाकपुस्तकं उघडून जुने पदार्थ पुन्हा रांधू लागले आहेत. त्यातले कितीतरी सरदारांच्या वाड्यांतले, शेतकऱ्याच्या चुलीवरचे नव्हेत, हेही सांगायला हवं.